मुंग्यांच्या मागे मावा, वाळवीच्या मागे वाळकं लाकूड

कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की हात लगेच पावडरच्या डब्याकडे जातो. तो जरा आवरा. बागेतल्या बहुतेक मुंग्या झाड खायला आलेल्या नसतात, आणि वाळवीलाही सहसा जिवंत झाडापेक्षा मेलेलं लाकूड जास्त आवडतं. दोघी कशासाठी आल्या आहेत ते शोधलंत की अर्धं काम झालं.

आधी ओळख पटवा. मुंगीची कंबर बारीक असते आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. वाळवी फिकट, मऊ अंगाची, कंबर नसलेली, मिशा सरळ. पंख असतील तर आणखी सोपं: वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मुंगीचे पुढचे दोन मोठे. वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात खरं, पण ती झुरळाच्या नात्यातली आहे. त्यामुळे एकीचा उपाय दुसरीला लागू पडेलच असं नाही.

मुंग्या

रांग झाडावर चढत असेल तर तिच्या मागोमाग नजर वर न्या आणि पानांची खालची बाजू, कोवळे शेंडे, पेरांच्या बेचक्या बघा. तिथे मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड सापडण्याची शक्यता फार मोठी. या किडी झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा बाहेर टाकतात. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि बदल्यात या किडींना खाणाऱ्या ढालकिड्यांसारख्या शत्रूंना हुसकावून लावतात. थोडक्यात, गुराखी हाकलून उपयोग नाही, गोठाच हलवायला हवा.

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढा. उरलेल्यासाठी 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 ते 2 मिली द्रव साबण घ्या. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगत राहतं. दोन-चार पानांवर मारून एक दिवस वाट बघा. पानं भाजली नाहीत तर संध्याकाळी पूर्ण झाडावर, पानांच्या खालून फवारा. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागतं, एका फवारणीत काम होत नाही.

त्याच वेळी वाटही बंद करा. बुंध्याला कागदाची किंवा कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावा. थेट सालीवर लावू नका, साल खराब होते. भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली एकच फांदी राहिली तरी मुंग्यांना पूल मिळतो, म्हणून ती छाटा. कुंडी असेल तर ती विटेवर, वीट पाण्याच्या थाळीत. त्या पाण्यात साबणाचे थेंब टाका आणि ते वरचेवर बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील.

कुंडीतच घर केलं असेल तर माती फार कोरडी राहते आहे असं समजा. कुंडी बादलीत ठेवून मातीच्या पातळीपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. मुंग्या अंडी उचलून बाहेर पडतात. नंतर पाणी पूर्ण निथळू द्या आणि दोन दिवसांनी पुन्हा करा.

मुंग्या घरात शिरत असतील तर आमिष वापरा: 200 मिली पाणी, 20 ग्रॅम साखर, 2 ग्रॅम बोरिक पावडर. कापसाचा बोळा भिजवून भोकं पाडलेल्या बंद डबीत ठेवा. प्रमाण वाढवायचा मोह टाळा, कारण मुंगीने ते वारुळापर्यंत न्यायला हवं. वाटेतच मेली तर राणीपर्यंत काही पोचत नाही. बोरिक खनिज असलं तरी विषारी आहे. मुलं आणि पाळीव प्राण्यांपासून लांब ठेवा, मातीत ओतू नका.

हळद, दालचिनी, मिरपूड, व्हिनेगर? रांगेचा वास पुसला जातो, दिवसभर मुंग्या गोंधळतात, मग नवी वाट काढतात. मीठ आणि उकळतं पाणी मात्र नकोच. वारुळावर ओतलेल्या उकळत्या पाण्यापायी मी एक चांगलं गुलाबाचं झाड घालवलं आहे. बागेच्या कोपऱ्यातल्या, कुणाला न चावणाऱ्या मुंग्या तर तशाच राहू द्या. वाळवीच्या मोठ्या शत्रूंमध्ये त्यांची गणना होते.

वाळवी

बुंध्यावर मातीचा थर दिसला की काडीने खरवडा आणि खाली बघा. फक्त वाळलेली साल खाल्लेली असेल तर थर झाडून टाकला तरी पुरे. रोप अचानक माना टाकत असेल, उपटताना सहज हातात येत असेल आणि मूळ पोखरलेलं असेल, तर ते खरं नुकसान.

सगळ्यात महत्त्वाचं काम कंटाळवाणं आहे: सफाई. कापलेल्या फांद्या, जुने खुंट, पुठ्ठे, अर्धवट कुजलेलं शेणखत उचला. खत पूर्ण कुजलेलंच वापरा. आधाराला लाकडी काठीऐवजी लोखंडी सळई घ्या. पाचोळ्याचं आच्छादन बुंध्यापासून 10 ते 15 सेंमी लांब ठेवा. पाण्यावाचून तहानलेल्या झाडाला वाळवी लवकर पकडते, तेव्हा पाणी नियमित द्या. पण भिंतीलगत ओल साचू देऊ नका.

मग सापळा लावा. पुठ्ठ्याची ओली गुंडाळी मातीत वीतभर खोल पुरा. आठवड्याने काढा, वाळवी भरलेली असेल तर साबणाच्या गरम पाण्यात बुडवा आणि नवी गुंडाळी लावा. याने संख्या कमी होते, राणी मात्र खोल जमिनीत सुखरूप राहते.

माती तयार करताना मध्यम कुंडीला मूठभर निंबोळी पेंड मिसळा. जमिनीतल्या झाडांसाठी मेटारायझियम ही वाळवीला मारणारी बुरशी चांगली. पाकिटावरचं प्रमाण पाळून संध्याकाळी ओल्या मातीत द्या. वाळव्या एकमेकींचं अंग चाटून स्वच्छ करतात, त्यातून ती पसरते. त्या काळात रासायनिक बुरशीनाशक वापरलं तर सगळा खर्च वाया.

मातीची नळी बागेतून घराच्या भिंतीवर चढलेली दिसली, किंवा दाराची चौकट ठोकल्यावर पोकळ वाजली, तर तिथे पेंड आणि पुठ्ठ्याने वेळ घालवू नका. जाणकार कीडनियंत्रकाला त्याच आठवड्यात बोलवा, आणि तो येईपर्यंत ती नळी मोडू नका. वाळवी कुठून येते हे त्याला तिच्यावरूनच कळतं.