सदतिसावी वॅगन काढायची कशी

रेल्वेच्या मालगाडी यार्डात नवीन लागलेली पोरं विचारतात, "काका, कपलिंग, म्हणजे डबे जोडायचं काम, कसं करायचं?" अरे, कपलिंग काय, डबे एकमेकांना टेकले की आपोआप होतं. घोळ होतो तो टेकायच्या आधी, नाहीतर टेकल्यानंतर.

मी लागलो तेव्हा चार चाकी वॅगनी आणि स्क्रू कपलिंग होतं. बफरच्या मधे शिरून साखळी हुकात टाकायची आणि स्क्रू पिळायचा. एका गाडीत दहा गावांना जाणाऱ्या वॅगनी असायच्या. त्या हंपवर, म्हणजे यार्डातल्या उंचवट्यावर, ढकलायच्या आणि उतारावरून एकेक आपापल्या लाइनीत सोडायच्या. खाली स्किड, म्हणजे वॅगन थांबवायला रुळावर ठेवायचा लोखंडी तुकडा, घेऊन माणसं उभी. १९८०च्या दशकात अख्खे रेक, म्हणजे जोडलेल्या वॅगनींची पूर्ण गाडी, एका ठिकाणाहून थेट दुसऱ्या ठिकाणी धावायला लागले आणि ती गंमत संपली. आता कोळशाच्या अठ्ठावन्न बॉक्सएनमधली (उघड्या वॅगनींमधली) एक सिक, म्हणजे नादुरुस्त, निघते, ती काढायची, एवढंच सॉर्टिंग उरलंय. पण तेच नीट शिका.

समजा टीएक्सआरने, म्हणजे डबे तपासणाऱ्याने, इंजिनाकडून मोजून सदतिसाव्या वॅगनवर खडूने सिक लिहिलं. आधी नंबर ताडा, सगळे अकरा आकडे. नुसतं मोजून जाऊ नका. भुसावळच्या मे महिन्यात अठ्ठावन्न वॅगनी मोजताना दोनदा चुकणारे मी पाहिलेत. त्यात मीही आलो.

मग मागच्या एकवीस वॅगनींचा बंदोबस्त. हँडब्रेक लावा. नुसतं ब्रेकचं चाक फिरवून भागत नाही. ब्रेक ब्लॉक चाकाला चिकटला का ते बुटाने ठोकून बघा. शिवाय चाकांना लाकडी गुटके. हवेच्या ब्रेकवर विसंबू नका, ब्रेकच्या सिलिंडरमधली हवा हळूहळू गळते आणि ब्रेक सुटतो.

आता ३७ आणि ३८च्या मधे. दोन्ही अँगल कॉक, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या पाइपाचे नळ, बंद करा. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर कॉक उघडा आहे, आडवी असेल तर बंद. पाइप सोडताना तोंड बाजूला ठेवा, आत अडकलेली हवा पाइपाला चाबकासारखं उडवते. पाइप सुटला की मागच्या भागाचा कॉक हळू उघडून पाइपातली हवा जाऊ द्या, ती गेली की ब्रेक लागतात. हवा कोंडून ठेवली तर त्या एकवीसचे ब्रेक सुटलेलेच राहतात. हे पुस्तकात वाचतात सगळे, आणि घाईत विसरतातही सगळेच. शेवटी वॅगनच्या बाजूला उभं राहून कपलरचं, म्हणजे डबे जोडणाऱ्या जबड्याचं, हँडल उचला. उचलत नसेल तर कपलर ताणलेला आहे. ड्रायव्हरला जरा मागे दाबायला सांगा. जोर लावून कंबर मोडून घेऊ नका.

एक बॉक्सएन साधारण १०.७ मीटरची. सदतीस म्हणजे चारशे मीटर, आणि इंजिनाची लांबी वेगळी. एवढी जागा पुढे मोकळी आहे का ते यार्ड मास्तरला आधी विचारा. रूळ बदलायच्या काट्यापलीकडे ओढायचं, काटा नादुरुस्त वॅगनींच्या सिक लाइनला लावायचा, मग ढकलायचं. ढकलताना ड्रायव्हर चारशे मीटर मागे असतो, त्याला पुढचं काही दिसत नाही. टोकाच्या वॅगनजवळ वॉकीटॉकी घेऊन तुम्ही हवेत. वेग १५ किलोमीटरच्या वर नको, स्फोटक किंवा पेट्रोलच्या टाक्या असतील तर ८. सिक वॅगन फाउलिंग मार्कच्या (त्याबाहेर उभी राहिली तर शेजारच्या लाइनीला अडते) आत पूर्ण गेली की गुटका, हँडब्रेक, आणि मगच सोडा.

परत येऊन छत्तिसावी अडतिसावीला जोडायची. दोघींचे नकल, म्हणजे कपलरची उघडणारी बोटं, बंद असतील तर डोकी आपटतील, जोडली जाणार नाहीत. एक तरी उघडा हवा. गोलाईवर कपलर तिरके राहतात, एकमेकांत शिरत नाहीत, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्यावरच सरळ करायचे. वॅगनभर अंतरावर एकदा थांबवा, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन जवळ-लांब करत "हळू जोड" दाखवा. रात्री हिरवी बत्ती डोक्यावर धरून मनगट फिरवायचं. हलत्या डब्यांच्या मधे कधीही जाऊ नका, कितीही हळू असले तरी.

टक् असा आवाज आला म्हणजे लॉक पडला असं समजू नका. मी समजलो होतो. पावसाळ्यातली रात्र होती, हँडल खाली आलेलं दिसलं, टॉर्च मारायचा कंटाळा केला आणि ड्रायव्हरला चल म्हटलं. शंभर पावलांवर फस्स करून हवा गेली. पाइप निसटला होता आणि मागचा अर्धा रेक जिथल्या तिथे उभा. नशीब, यार्ड सपाट होतं. जबाबावर सही माझी होती. तेव्हापासून वाकून टेल-टेल, म्हणजे लॉक पडला का ते दाखवणारी कपलरवरची खूण, बघतो आणि इंजिनाला एकदा ओढायला लावतो. ओढलं, सुटलं नाही, तरच पुढे.

मग पाइप. हिरवा हिरव्याला, पांढरा असेल तर पांढऱ्याला. कॉक आधी इंजिनाकडचा, तोही हळू. ब्रेक पाइपात इंजिनाजवळ हवेचा दाब ५ किलो हवा. गाडी लांब असते म्हणून शेवटच्या डब्यात ४.७-४.८ आला तरी चालतो. बीपीसीवर, म्हणजे गाडीच्या ब्रेकच्या दाखल्यावर, वॅगन कमी झाल्याची नोंद करून घ्या.

हँडब्रेक सगळे सोडा. एक जरी लागलेला राहिला तर चाक घासत जातं आणि सपाट होतं. मग गार्डला सांगा, आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं. आणि गुटके मोजून घ्या. चार लावले असतील तर चारही हातात आल्याशिवाय हिरवा दाखवू नका.