परसबागेतील भाज्यांचे बियाणे राखताना: तयारीची यादी

बियाणे राखायचे की नाही, हे पहिल्या तोड्याच्या आधीच ठरवावे लागते. खाऊन उरलेले, जून झालेले फळ बियाण्याला ठेवण्याची रीत अनेक घरांत दिसते. पण सर्वांत निरोगी वेलीवरचे, जातीला शोभेल असे पहिल्या बहरातले फळ आधी दोरा बांधून राखून ठेवावे आणि मगच बाकीचे स्वयंपाकघरात न्यावे. मूळ बी संकरित पाकिटातले असेल तर पुढच्या पिढीत रोपे सारखी येत नाहीत, म्हणून सुरुवात गावरान किंवा सरळ (संकरित नसलेल्या) वाणापासूनच करावी. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती असेच गावरान वाण जमवून जपण्याच्या कामासाठी.

वाल, घेवडा आणि टोमॅटो यांत बहुधा स्वपरागीभवन होत असल्याने, म्हणजे फुलाच्या स्वतःच्याच परागाने फळ धरत असल्याने, दुसऱ्या जातीशी संकर होण्याची फारशी चिंता नसते. वांगी आणि मिरचीच्या दोन जाती मात्र शेजारी लावू नयेत. खरी काळजी वेलभाज्यांची असते, कारण मधमाश्या एका वेलीवरचा पराग दुसरीवर नेतात आणि आसपास कडू भोपळ्याचा वेल असेल तर दुधीशी त्याचा संकर होतो. त्या वर्षीचे फळ नेहमीसारखेच लागते, कडूपणा पुढच्या वर्षीच्या वेलीवर उतरतो, आणि कडू दुधी पोटात जाणे धोक्याचे असते. म्हणून दुधीचे फूल संध्याकाळी उमलण्यापूर्वीच नर आणि मादी कळ्या दोऱ्याने हलकेच बांधाव्यात, उमलण्याच्या वेळी नर फुलाचा पराग मादी फुलाला लावून ते पुन्हा बांधावे आणि देठाला खुणेची चिंधी लावावी. मादी फूल तळाशी असलेल्या इवल्या दुधीवरून ओळखता येते.

फळ वेलीवर पुरते पिकू द्यावे. दोडका वाळून तपकिरी आणि हलका झाला, हलवल्यावर आत बिया खुळखुळू लागल्या की तोडावा. त्याच्या टोकाचे झाकण निघते आणि काळ्या बिया आपोआप बाहेर पडतात. भेंडी झाडावरच वाळू द्यावी, वांगे पिवळे पडून मऊ होईपर्यंत थांबावे. टोमॅटोचा गर बियांसकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवावा, म्हणजे बीभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. नंतर धुऊन तळाशी बसलेले बीच घ्यावे.

सर्वाधिक बियाणे वाळवण्यातल्या घाईमुळे वाया जाते. तापलेल्या पत्र्यावर किंवा दुपारच्या कडक उन्हात बी ठेवू नये. सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर वाऱ्याची सावली पुरेशी असते. दुधीचे बी वाकवल्यावर कटकन मोडले आणि वालाच्या दाण्यावर दाताची खूण उमटेनाशी झाली, की ते वाळले असे समजावे. त्याआधी झाकण घट्ट लावले तर आत बुरशी धरते, आणि कोकणात दमट हवेमुळे ही खबरदारी दुप्पट घ्यावी लागते.

पूर्ण वाळलेले बी चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून काचेच्या बरणीत भरावे आणि भाजीचे नाव, वाण व महिना लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. वाल-चवळीत भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच येत असल्याने त्या बरण्या अधूनमधून पाहाव्यात. बरणी फ्रिजमध्ये असेल तर बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर बियांना दव सुटते. कांद्याचे बी वर्षभरातच निस्तेज होते. काकडीचे काही वर्षे टिकते.

मृगाच्या पंधरा दिवस आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासावी. आठ-नऊ उगवल्या तर नेहमीप्रमाणे पेरावे, पाच-सहाच उगवल्या तर दाट पेरावे आणि त्याहून कमी असतील तर शेजारी ज्यांनी तेच वाण राखले आहे त्यांच्याकडून मूठभर मागून आणावे. सगळे बी एकाच वेळी मातीत घालू नये. पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीपुरते बरणीत शिल्लक असावे.