बागकामाचा ठेका घेण्यापूर्वी : परवाने आणि कागदपत्रांची तयारी

महाराष्ट्रात ‘लँडस्केपिंगचा परवाना’ असा एकच एक कागद कोणत्याही कार्यालयात मिळत नाही, आणि या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यांचा गैरसमज नेमका येथूनच सुरू होतो. परवाना नाही म्हणजे बंधनही नाही, असे धरून कामे घेतली जातात आणि पहिली नोटीस येते तेव्हा लक्षात येते की ज्या ज्या वस्तूला आपला हात लागतो तिचा स्वतंत्र कायदा आहे : झाडाचा वेगळा, औषधाचा वेगळा, मातीचा वेगळा, विजेचा वेगळा आणि कामावर आणलेल्या माणसाचा वेगळा. म्हणून तयारीला बसताना कार्यालयांची यादी करण्याआधी आपण कोणती कामे करणार आहोत हे कागदावर लिहून काढावे. केवळ कुंड्या आणि हिरवळीची देखभाल, रोपांची विक्री, फवारणी, झाडांची छाटणी, माती भरून नवी बाग तयार करणे, कारंजी आणि दिवे बसवणे, पालिकेच्या उद्यानांचा वार्षिक ठेका, यांपैकी प्रत्येक कामापुढे ‘स्वतः करणार’ किंवा ‘परवानाधारकाकडून करून घेणार’ असे लिहिले, की निम्मी तयारी तेथेच स्पष्ट होते. सगळे परवाने स्वतःच्या नावावर असण्याची गरज नाही. मात्र प्रत्येक कामामागे कोणाचा तरी वैध परवाना असलाच पाहिजे.

पायाभूत कागदांवर फार वेळ घालवू नये, परंतु ते पहिल्या बिलाआधी हातात असावेत. पॅन, व्यवसायाच्या नावाचे बँक खाते, शॉप अ‍ॅक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याची) नोंद, लघुउद्योगांसाठीची केंद्र सरकारची उद्यम नोंदणी आणि व्यवसायकराची नोंदणी एवढे पुरते. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ही मर्यादा मुळात १० कामगारांची होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती २० पर्यंत गेली. उद्यम नोंदणी पूर्णतः विनामूल्य आहे, त्यामुळे तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. दोघा-तिघांनी मिळून व्यवसाय सुरू केला असेल तर भागीदारी संस्था निबंधकांकडे नोंदवून घ्यावी, कारण १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून येणे असलेल्या रकमेसाठी दावा दाखल करता येत नाही, आणि थकलेली बिले हा या व्यवसायातला नेहमीचा अनुभव आहे.

नावाचे कार्ड छापण्यापूर्वी मात्र थांबावे. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसताना कार्डावर, फलकावर किंवा पत्रशीर्षावर नुसते ‘आर्किटेक्ट’ असे लिहू नये, कारण १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याच्या कलम ३७ ने या पदवीनामाचा वापर नोंदणीकृत व्यक्तींपुरता मर्यादित केला आहे; ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ला त्याच कलमात सूट असली तरी गैरसमज टाळलेला बरा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले की ही बंदी नामाभिधानावर आहे, त्या स्वरूपाच्या कामावर नाही. म्हणजे बागेचा आराखडा काढण्यास आडकाठी नाही. ‘उद्यान सल्लागार’, ‘उद्यान ठेकेदार’ किंवा ‘लँडस्केप डिझायनर’ असे लिहावे. ज्यांच्याकडे पदवी नाही त्यांनी कृषी विद्यापीठांचा माळी प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. कायद्याने ते सक्तीचे नाही, पण सोसायटीच्या कार्यकारिणीपुढे बसताना त्याचे वजन पडते, आणि माझ्या मते ते पडायलाही हवे.

जीएसटीचा हिशोब या धंद्यात थोडा गुंतागुंतीचा आहे, म्हणून तो पहिल्याच वर्षी नीट समजून घ्यावा. जिवंत झाडे आणि रोपे करमुक्त आहेत. बागेच्या देखभालीच्या सेवेवर १८ टक्के कर आहे. सेवा देणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे, पण ही उलाढाल मोजताना करमुक्त विक्रीही धरली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्याने वर्षभरात १५ लाखांची रोपे विकली आणि ६ लाखांची देखभालीची कामे केली, त्याला ‘माझी सेवा तर सहाच लाखांची आहे’ असे म्हणता येत नाही. त्याने नोंदणीची मर्यादा ओलांडलेली असते. त्याचप्रमाणे बाग पूर्ण तयार करून देण्याचा एकत्रित ठेका घेतला आणि त्यात सेवा हा मुख्य भाग ठरला, तर रोपांच्या किमतीसह सगळ्या रकमेवर कर लागतो, म्हणून दरपत्रक देण्यापूर्वीच कर सल्लागाराला ठेक्याचा मसुदा दाखवावा. मोठे ग्राहक बिलातून १ किंवा २ टक्के आयकर कापून घेतात. पॅन दिला नसेल तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते.

आता झाडांविषयी, आणि येथे घाई करू नये. शहरी भागात १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत जाळणे, कापणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे या सर्वांचा समावेश होतो. बुंध्याभोवती काँक्रीट ओतणे, मुळे तोडून पायवाट काढणे, शेंडा छाटून झाड खुजे करणे या गोष्टी ठेकेदाराला ‘किरकोळ’ वाटतात. कायद्याच्या दृष्टीने त्या किरकोळ नाहीत. झाड सोसायटीच्या स्वतःच्या जागेत असले तरी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अर्ज जागेच्या मालकाने करायचा असतो, परंतु कुऱ्हाड किंवा यंत्रकरवत आपल्या माणसाच्या हातात असते, त्यामुळे जबाबदारीही आपल्यापर्यंत पोहोचते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. म्हणजे ३० वर्षांचा एक गुलमोहर तोडायचा तर ३० झाडे कोठे लावणार आणि ती कोण जगवणार, याचे उत्तर अर्जासोबतच तयार असावे लागते. पाहणी, जाहीर सूचना, हरकती या टप्प्यांना वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचे अर्ज मे महिन्याच्या अखेरीस न करता हिवाळा सरताच करावेत. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत कोणत्या जाती येतात हे फार्महाउसचे काम घेण्यापूर्वी पाहून घ्यावे. मी स्वतः एक नियम पाळतो : ग्राहक ‘परवानगी आहे, काळजी करू नका’ असे म्हणाला तरी परवानगीपत्राची प्रत हातात आल्याशिवाय आणि तिच्यावरील झाडांची संख्या जागेवर मोजून जुळवल्याशिवाय माणसे कामाला लावायची नाहीत.

फवारणीच्या बाबतीत या व्यवसायात सर्वांत जास्त बेफिकिरी आहे. शेतकरी स्वतःच्या शेतात फवारतो ती खासगी वापरात मोडते. दुसऱ्याच्या आवारात, मोबदला घेऊन, घराभोवती किंवा मोकळ्या जमिनीवर कीटकनाशक मारणे हे मात्र १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार व्यावसायिक कीडनियंत्रण ठरते आणि त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. हा परवाना मिळवण्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र विषयासह विज्ञान पदवी आणि मान्यताप्राप्त संस्थेतील किमान १५ दिवसांचे प्रशिक्षण अशी पात्रता ठेवलेली आहे. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी परवानाधारक पेस्ट कंट्रोल संस्थेशी लेखी करार करावा, तिच्या परवान्याची प्रत आणि मुदत नोंदवून ठेवावी आणि ग्राहकाच्या दरपत्रकातही फवारणी त्या संस्थेकडून होईल असे लिहावे. तणनाशकाबाबत तर अधिकच सावध राहावे : पायवाटांच्या फटींत सर्रास मारले जाणारे ग्लायफोसेट केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरावे असे ठरवले आहे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग प्रत्येक माळ्याला ओळखता आला पाहिजे. लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल त्रिकोणाचा डबा निवासी आवारात आणूच नये, असे माझे ठाम मत आहे. जेथे मुले संध्याकाळी अनवाणी हिरवळीवर खेळतात, तेथे लोकऱ्या मावा ही कीड चार दिवस उशिरा गेला तरी चालेल.

रोपे आणि खते विकायची असतील तर आणखी दोन दारे ठोठवावी लागतात. फळझाडांची कलमे तयार करून विकण्यासाठी १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्याखाली कृषी विभागाचा परवाना लागतो. केवळ शोभेच्या झाडांसाठी तो लागत नाही. पुण्याजवळ सोरतापवाडी आणि उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकांमधून माल उचलणाऱ्यांनी आंबा, चिकू किंवा लिंबाची कलमे घेताना विक्रेत्याचा परवाना क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, कारण तीन वर्षांनी कलम भलत्याच जातीचे निघाले तर तोच एक पुरावा उरतो. रासायनिक खतांची विक्री १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली, तर कीटकनाशकांची विक्री १९६८ च्या कायद्याखाली येते. देखभालीच्या कामात आपण खत वापरतो तोवर प्रश्न नाही. ग्राहकाला पिशव्या विकायला लागलो की विक्रीचा परवाना आवश्यक होतो.

मातीचा विचार तर कोणी करतच नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात लाल मातीचा एक ट्रक माझ्या कामाच्या वाटेवर पहाटे अडवला गेला. पुरवठादाराने पास आहे असे फोनवर सांगितले होते आणि चालकाकडे साधी हस्तलिखित पावती होती. भरावाची माती, मुरूम आणि वाळू ही गौण खनिजे आहेत, त्यांवर शासनाला स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावे लागते आणि वाहतुकीसाठी शासनाच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतून निघालेला पास गाडीत असावा लागतो. तो नसेल तर महसूल जमीन संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होते. बागेची लाल माती रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला भरावाच्या मातीपेक्षा वेगळी दिसत नाही. म्हणून खरेदीच्या आदेशातच लिहावे की प्रत्येक फेरीचा पास पोहोचल्याशिवाय त्या फेरीचे पैसे मिळणार नाहीत, आणि पासवरील वाहन क्रमांक, वेळ व ब्रास यांचा मेळ गाडी रिकामी करण्यापूर्वी घालावा. तयार झालेला पालापाचोळा आणि फांद्या यांचीही व्यवस्था आधी ठरवावी. तो कचरा वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेनुसार द्यायचा असतो, जाळायचा नसतो.

दिवे, पंप आणि कारंजी यांची वायरिंग राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी आणि काम संपल्यावर त्याचा चाचणी अहवाल मागून घ्यावा. ओल्या जमिनीत वीज नेणे हे बागकामातील सर्वांत धोक्याचे काम आहे. पाण्यातील दिवे १२ व्होल्टचे असावेत आणि मुख्य जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असावा, हे आपण विजेचे जाणकार नसलो तरी तपासू शकतो.

कामगारांच्या संदर्भात नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि लहान ठेकेदाराने लक्षात ठेवायचे आकडे असे : १० कामगार झाले की कर्मचारी राज्य विमा (ईएसआय), २० झाले की भविष्य निर्वाह निधी, आणि ५० कंत्राटी कामगार झाले की ठेकेदाराचा परवाना. राज्य विम्यासाठी मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील तर कायद्याने विमा योजना लागू होत नाही, पण कामावर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी टळत नाही, म्हणून कामगार भरपाईची पॉलिसी पहिल्या माणसापासून घ्यावी. नारळाच्या झावळ्या उतरवणारा माणूस वर चढण्यापूर्वी ती चालू असली पाहिजे. वेतन बँकेतून द्यावे आणि हजेरीपट रोजच्या रोज भरावा. कट्टे आणि फरसबंदी करणाऱ्या गवंड्यांना वर्षभरात ९० दिवस बांधकाम केल्याचा दाखला आपण देऊ शकतो. त्यावर त्यांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. त्या दाखल्याला आपला काही खर्च नाही, तेव्हा त्यांनी मागण्याची वाट पाहू नये.

पालिकेच्या उद्यानांचा ठेका घ्यायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरी, महाटेंडर्स या शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावरील नोंदणी, तीन वर्षांची विवरणपत्रे आणि काम समाधानकारक पूर्ण केल्याचे दाखले लागतात. हे दाखले मागाहून मिळत नाहीत, म्हणून अगदी लहान सोसायटीचे काम संपले तरी त्याच आठवड्यात लेखी दाखला घ्यावा, आणि त्यावर क्षेत्रफळ, कालावधी व रक्कम असावी. उद्याने ही राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांमध्ये येतात, त्यामुळे स्थानिक संस्थेला दिलेली निव्वळ मनुष्यबळाची देखभाल सेवा जीएसटीमुक्त आहे, आणि साहित्याचा भाग एकूण मूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत असला तरी ती सवलत टिकते. निविदेत दर भरताना हे ठाऊक नसलेला ठेकेदार एकतर १८ टक्क्यांनी महाग ठरतो किंवा साहित्य जास्त असतानाही कर न धरल्यामुळे वर्षअखेरीस खिशातून भरतो.

शेवटी प्रत्येक कामाच्या जागी एक प्लॅस्टिकची फाइल ठेवावी. तिच्यात कार्यादेश, झाडांच्या परवानगीची प्रत, मातीच्या फेऱ्यांचे पास, फवारणी करणाऱ्या संस्थेचा आणि विद्युत ठेकेदाराचा परवाना, विम्याच्या पॉलिसीची प्रत, आणि त्या दिवशी कामावर असलेल्या माणसांची नावे, रक्तगट व घरच्यांचे फोन क्रमांक असावेत. ही फाइल मालकाच्या गाडीत न ठेवता मुकादमाच्या हाती द्यावी आणि तिच्यातला कोणता कागद कशासाठी आहे हे त्याला एकदा बसवून समजावून सांगावे, कारण अधिकारी येतात किंवा अपघात होतो तेव्हा जागेवर तोच असतो.