डाग राहील का जी?

इमर्जन्सी मेडिसिनला नव्याने आलेली पोरं मला हमखास विचारतात, "मॅडम, आठवड्यातून दोन दुपारी तुम्ही कॉस्मेटिकचं क्लिनिक बघता, म्हणजे कॅज्युल्टी सोडणार का?" नाही सोडणार. त्या क्लिनिकची वाट मला कॅज्युल्टीनेच दाखवली, तीही एका संक्रांतीच्या दुपारी.

नागपुरात जानेवारी म्हणजे मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी गळा नाहीतर चेहरा कापलेली माणसं दरवर्षी येतात. त्या दिवशी आठ वर्षांचा मुलगा आला. बापाच्या स्कूटरवर पुढे उभा होता. वरचा ओठ चिरलेला, पण रक्त थांबलेलं, श्वास ठीक. आमच्या भाषेत 'स्टेबल'. मी टाक्यांचा ट्रे मागवला आणि त्याची आई म्हणाली, "डाग राहील का जी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्वासनलिकेत नळी टाकणं, छातीतली हवा काढणं, घोणस चावलेल्याचं रक्त वीस मिनिटं काचेच्या नळीत ठेवून गोठतं का ते बघणं, हे सगळं येत होतं. ओठ शिवणं मात्र 'इंटर्न करेल' या खात्यात गेलेलं. प्लास्टिक सर्जन सरांना फोन केला. ते आले, सुई हातात घेण्याआधी त्यांनी पेन मागितला आणि ओठाच्या लाल कडेवर, चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका काढला. भुलीचं औषध टोचलं की ओठ सुजतो आणि कड कुठे होती ते कळत नाही, म्हणून ठिपके आधी. पहिला टाका त्या दोन ठिपक्यांना जोडणारा, बाकीचे नंतर. कड एक मिलिमीटर जरी सरकली तरी समोर बसून बोलणाऱ्याला ते आयुष्यभर दिसतं. टाके 6-0 नायलॉनचे, केसासारखे बारीक. शेजारी उभे असलेले वॉर्डातले मामा म्हणाले, "कापलं बी नायलॉननं, अन् शिवलं बी नायलॉननंच."

टाके पाचव्या दिवशी काढले. चेहऱ्यावर ते जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच डाग पडतात. आईला मी तेव्हा खरं उत्तर दिलं: डाग राहील, आधी लाल दिसेल, मग वर्षभरात फिका होत जाईल, उन्हापासून जपा.

तर पहिला सल्ला हा. कॉस्मेटिकमध्ये रस असेल तर सुरुवात बोटॉक्सपासून करू नका, टाक्यांपासून करा. प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत आपल्या सुटीच्या दिवशी जाऊन उभे राहा. भुवई कधी भादरू नका, ती परत नीट उगवेलच असं नाही आणि जुळवायला खूणही उरत नाही. हे मला एका सिस्टरने शिकवलं, पुस्तकाने नंतर.

शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल माझं मत कडक आहे. दोन दिवसांत सुई कुठे टोचायची ते कळतं. टोचल्यावर कातडी पांढरी पडून मग जाळीदार निळसर व्हायला लागली तर काय करायचं, ते कळत नाही. हायलुरोनिक अॅसिडचं फिलर, म्हणजे ओठ-गाल भरायला टोचतात ते जेल, रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळाही जातो. ते विरघळवणारं हायलुरोनिडेज हाताशी नसेल तर फिलरची सिरिंज उघडूच नये. आणि असलं सर्टिफिकेट म्हणजे मान्यताप्राप्त पदवी नव्हे. पाटीवर नावापुढे काय लिहिता ते जपून लिहा. टकलावर केस लावणं (हेअर ट्रान्सप्लांट) मी करत नाही, ते त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जनकडे पाठवते.

आपली खरी जमा बाजू मला एका मे महिन्यात कळली. लग्न आठ दिवसांवर आलेली मुलगी फिट येत असताना आणली. "मिर्गी कधीच नव्हती जी," भाऊ सांगत होता. सिस्टरने सलवार वर केली तर एका पायाला अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं, खाली पांढऱ्या मलमाचा थर. लेझरने केस काढण्याआधी कुठल्याशा पार्लरमध्ये दोन्ही पायांना भुलीचं मलम फासून वर प्लॅस्टिक बांधलं होतं, त्यात नागपूरचं ऊन. मलमातलं भुलीचं औषध, लिग्नोकेन, कातडीतून रक्तात भसाभसा गेलं होतं. मलम पुसून काढलं, फिट थांबवायला मिडाझोलाम दिलं आणि अशा विषबाधेवरचा उतारा म्हणून 20 टक्क्यांचं लिपिड इमल्शन (स्निग्ध द्रव) किलोला दीड मिलीच्या हिशेबाने शिरेतून. ईसीजी रात्रभर डोळ्यासमोर. पोरगी सुटली. माझ्या क्लिनिकमध्ये आज लिपिडची बाटली, अॅड्रेनलिन आणि ऑक्सिजन आहे. सोफा मात्र जुनाच आहे.

आता सेवेचं. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि तिथे मोफत औषधोपचाराचे स्टॉल लागतात. तिथे एक दिवस बसून बघा. पायाला फोड, चक्कर, उपाशीपोटी साखर उतरलेली आजी, औषधाची गोळी गावीच विसरलेले काकाजी. व्हेंटिलेटर लागत नाही, ग्लुकोमीटर आणि स्टूल लागतं.

पण वर्षातून एकदा स्टॉलवर बसण्यापेक्षा जास्त उपयोगाची एक गोष्ट रोज करता येते: कायदा माहीत असणं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना महाराष्ट्रात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. गडचिरोलीहून किंवा बालाघाटहून रात्री तीनला आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. अशा रुग्णांना मदत करणाऱ्या, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांचा नंबर मी ड्युटीच्या टेबलावर चिकटवून ठेवते. अॅसिड हल्ल्यातल्या रुग्णाला खासगी रुग्णालयानेही मोफत प्रथमोपचार व उपचार द्यायचेच असतात. आणि अपघातात पोलिस येईपर्यंत थांबायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. एमएलसीचे, म्हणजे पोलिस केसचे (मेडिको-लीगल), कागद नंतर भरता येतात.

डॉक्टरांच्या संघटनेच्या कामात मी नाइलाजाने पडले. एका रात्री चाळीसेक नातेवाईक आत घुसले. रुग्ण आधीच गेलेला होता, पण सांगायला कोणी बाहेर गेलंच नव्हतं, कारण आम्ही दोघेच होतो आणि दोघांचे हात दुसऱ्या रुग्णाच्या छातीवर. मॉनिटर फुटला, मामांच्या डोक्याला चार टाके पडले. ते मीच घातले. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाने तक्रार 'आपसात मिटवू' म्हणून अडकवून ठेवली, तेव्हा कळलं की कायदा आपोआप उठून पोलिस ठाण्यात जात नसतो.

तेव्हापासून मी भाषणं कमी आणि रजिस्टर जास्त ठेवते. किती वाजता किती रुग्ण, किती डॉक्टर, शिवीगाळ कधी झाली. निवेदनासोबत ते तीन महिन्यांचं रजिस्टर जोडलं. त्यातून दोन गोष्टी झाल्या. आत यायला एकच दार उरलं, त्यावर चोवीस तास माणूस. आणि दर वीस मिनिटांनी बाहेर जाऊन नातेवाईकांशी बोलायचं काम एका ठरलेल्या माणसाकडे आलं. हे दुसरं मला दारापेक्षा मोलाचं वाटतं. रात्रपाळीला तिसरा डॉक्टर हवा, ही मागणी अजून फायलीतच आहे. रजिस्टर चालू आहे.