लाइम आणि स्ट्रोक : निदानातल्या या चुका टाळा

लाइम हा गोचीड चावल्याने होणारा जिवाणूचा आजार. त्यातून स्ट्रोक होणं दुर्मीळच. न्यू जर्सी, कनेटिकट किंवा जर्मनीत, जिथे लाइम नेहमीचा आहे, तिथेही. चुका मात्र ठरलेल्याच.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्या स्ट्रोकनंतर ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन लिहून मोकळं होण्याची घाई. रुग्ण बहुधा तरुण, बीपी-शुगर नाही, सिगारेट नाही. काही आठवडे डोकं दुखत असतं. मग एक दिवस जीभ अडखळते किंवा तोल जातो. एमआरआयमध्ये थॅलॅमस नाहीतर पॉन्स या मेंदूच्या आतल्या भागांत छोटा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग) दिसतो, हृदयाचा एको आणि मानेचा डॉपलर साफ. रुग्ण घरी जातो आणि काही आठवड्यांत पुन्हा येतो, या वेळी इन्फार्क्ट दुसऱ्याच रक्तवाहिनीच्या हद्दीत. बोरेलिया या लाइमच्या जिवाणूमुळे सुजलेली रक्तवाहिनीची भिंत ॲस्पिरिनने कशी बरी होणार? आधीची डोकेदुखी आणि न पटणारा स्ट्रोक एकत्र दिसला, की पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासायचं. एमआर अँजिओ (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) साफ आली तरी तपासायचं. बारीक रक्तवाहिन्या त्यात दिसत नाहीत. आणि ‘गोचीड चावली होती का?’ एवढंच विचारून थांबू नका, अनेकांना ते कळलेलंच नसतं. कुठे राहिलात, कुठल्या जंगलात फिरलात, ते विचारा.

दुसरी चूक नेमकी उलटी. रक्तात लाइमचं आयजीजी (एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आलं, की खापर लाइमवर. हे आयजीजी जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गानंतरही वर्षानुवर्षं टिकतं. एलायझा या पहिल्या रक्तचाचणीनंतर खातरजमेचा इम्युनोब्लॉट पॉझिटिव्ह आला, तरी मेंदूतला संसर्ग सिद्ध होत नाही. त्यासाठी पाण्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) आणि प्रथिनं वाढलेली हवीत, शिवाय अँटिबॉडी इंडेक्सही, म्हणजे अँटिबॉडी मेंदूतच तयार होतात का याचं माप. तो पाणी आणि रक्त यांच्या तुलनेतून निघतो, म्हणून दोन्ही नमुने एकाच वेळी घ्या. नुसतं पाणी पाठवून लॅबला इंडेक्स मागणारे कमी नाहीत! उपचारांनंतरही इंडेक्स वाढलेला राहू शकतो. आजार चालू आहे का, ते पाण्यातल्या पेशींवरून ओळखा.

सिफिलिसची तपासणी सोडू नका: तोही असाच स्ट्रोक देतो आणि लाइमची एलायझा खोटी पॉझिटिव्ह करतो. भारतात हेच चित्र दिसलं, तर आधी क्षयाचा मेंदूज्वर. सिंधुदुर्गात गोचीड चावून ताप आला, तर विचार माकडतापाचा करायचा. तो विषाणूचा आजार आहे, लाइमचं पॅनल तिथे फुकट.

लाइमच्या संशयापायी गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन अडवू नका. स्ट्रोक सुरू झाल्यापासून साडेचार तासांची मुदत सगळ्यांना सारखीच.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या लाइममुळे आलेल्या चेहऱ्याच्या लकव्याला पुरतात. मेंदूतल्या आजाराला सेफ्ट्रायॅक्सोन, रोज २ ग्रॅम शिरेतून, २ ते ४ आठवडे. नुसत्या स्टेरॉइडवर रुग्ण ठेवू नये. आणि थकवा उरला म्हणून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू ठेवणं हा उपचार नव्हे. त्याने थकवा जात नाही, शिरेतल्या नळीतून नवा संसर्ग मात्र होतो.