पेपर मागे घेतला, त्याची गोष्ट

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझा पहिला पेपर छापून आला आणि सव्वा वर्षाने मी तो मागे घेतला. विषय विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. पावसाळ्यानंतर ते चौपटीहून जास्त वाढतं, असा आमचा निष्कर्ष. माझ्या ज्युनियरने तीच शीट पुढच्या कामाला घेतली आणि विचारलं, ‘ताई, दोन्ही बॅचचे आकडे एकाच पद्धतीने दिलेत ना?’ नव्हते. लॅबने पावसाळ्याआधीचे आकडे नायट्रेट-नायट्रोजन (म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन) म्हणून दिले होते, नंतरचे नुसते नायट्रेट म्हणून. पाणी तेच असलं तरी या दोन आकड्यांत ४.४३ पट फरक पडतो. आमची ‘वाढ’ बहुतेक तेवढीच होती!

सर म्हणाले, ‘करेक्शन पाठवून टाकू.’ तक्त्यातला एखादा आकडा चुकला तर करेक्शन चालतं. इथे निष्कर्षच उरला नव्हता. म्हणजे रिट्रॅक्शन.

नवी मुलं यात आणि विथड्रॉवलमध्ये गल्लत करतात. विथड्रॉवल छापण्याआधीचं: पेपर रिव्ह्यूत असताना परत घ्यायचा तर सहलेखकांच्या संमतीसह एडिटरला लिहायचं आणि लेखी उत्तर येईपर्यंत तो दुसरीकडे पाठवायचा नाही. (एका मित्राकडे त्यासाठी फी मागितली होती. ते जर्नल पैसे उकळणारं होतं, हे वेगळं सांगायला नको.) छापलेला पेपर मात्र सहसा पुसला जात नाही. डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) तोच राहतो, पीडीएफवर ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का बसतो आणि सोबत नोटीस लागते.

खरी खटपट केली ती या नोटिशीसाठी. जर्नलच्या मसुद्यात एवढंच होतं: आकडेवारी विश्वासार्ह नसल्याने लेख मागे घेण्यात येत आहे. वाचणाऱ्याला वाटावं, आम्ही आकडे घरी बसून लिहिले! कोप ही संपादकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. लेख कोण मागे घेतंय आणि का, हे नोटिशीत यावं, प्रामाणिक चूक आणि लबाडी वेगळी दिसावी, असं तिच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तेच दाखवून आम्ही ‘लेखकांच्या विनंतीवरून’ आणि चुकीचं नेमकं कारण घालून घेतलं. शब्दांचा एवढा हट्ट का? कारण शिक्का सगळ्यांना एकच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने १९९८ साली छापलेला लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा, वेकफिल्ड या डॉक्टरचा बदनाम पेपर २०१० मध्ये पूर्णपणे रिट्रॅक्ट झाला, त्यावरही हाच शब्द आहे.

वेळेचं गणित कुणाच्याच हातात नसतं. त्याच ‘लॅन्सेट’मधला, कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन औषध देण्याबद्दलचा पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला गेला. आमच्या साध्या प्रकरणाला ७ महिने लागले, त्यातले दोन परदेशी गेलेल्या सहलेखकाच्या ईमेलची वाट बघण्यात. सगळ्यांची सहमती नसली तरी एडिटर पेपर मागे घेऊ शकतात, हे मला नंतर कळलं.

थिसिसचे संदर्भ लावताना झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने माझ्याच यादीतल्या दोन पेपरांवर लाल पट्टी दाखवली. त्यातला एक माझा. दुसरा मी चार ठिकाणी उद्धृत केला होता. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि फुकट बघता येतो. यादी त्यावर एकदा फिरवायला तासभर पुरतो.

आकडे नीट करून पेपर पुन्हा लिहिला आणि कव्हर लेटरच्या पहिल्याच परिच्छेदात जुन्या पेपरचं काय झालं ते सांगितलं. आता निष्कर्ष असा, की पावसाळ्याआधी आणि नंतर लक्षणीय फरक नाही. दोन जर्नलांनी ‘नवीन काही नाही’ म्हणून परत पाठवला. तिसऱ्याकडे रिव्ह्यूत आहे.