विंडो लपवा, पण हरवू देऊ नका: सिस्टम ट्रेसाठी फुकट साधनं

दुकानात, ऑफिसात किंवा घरी दिवसभर चालू ठेवावी लागणारी एखादी विंडो असतेच. उदाहरणार्थ बॅकअपची काळी कमांड विंडो. तिच्याकडे बघायचं काही नसतं, पण ती टास्कबारवर जागा अडवते आणि घाईत कुणीतरी तिच्या फुलीवर क्लिक केलं की बॅकअप अर्ध्यावर तुटतो. अशी विंडो घड्याळाशेजारी, सिस्टम ट्रेमध्ये ठेवावी. फुलीच समोर नसेल तर चुकून दाबली जाणार नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. ट्रेमध्ये गेलेला प्रोग्राम थांबत नाही आणि त्याची मेमरीही मोकळी होत नाही. साधन फक्त विंडोजला ‘ही विंडो दाखवू नकोस’ असं सांगतं आणि तिच्या नावाचा छोटा आयकॉन ट्रेमध्ये ठेवतं. कॉम्प्युटर हलका करण्यासाठी हा मार्ग नाही. आणि विंडो दिसत नाही म्हणजे ती परत आणायची जबाबदारी सगळी त्या साधनावर. म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: ते मध्येच बंद पडलं तर लपवलेल्या विंडोचं काय होतं?

आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंग्ज बघा

बऱ्याच प्रोग्रामांत ही सोय आधीपासूनच असते आणि ती वेगळ्या साधनापेक्षा भरवशाची, कारण प्रोग्राम स्वतःची विंडो स्वतः सांभाळतो. थंडरबर्ड, टेलिग्रामचं डेस्कटॉप ॲप, क्यूबिटटोरंट, कीपास यांच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रे’ शब्द शोधा. टास्क मॅनेजरमध्ये ‘हाइड व्हेन मिनिमाइज्ड’ आहे: विंडोज १० मध्ये ऑप्शन्स मेनूत, ११ मध्ये सेटिंग्जच्या पानावर. काळी कमांड विंडो विंडोज टर्मिनलमध्ये उघडत असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये अपिअरन्सखाली मिनिमाइज केल्यावर नोटिफिकेशन एरियात लपण्याचा पर्याय मिळेल. नोटिफिकेशन एरिया हे त्या कोपऱ्याचं मायक्रोसॉफ्टचं अधिकृत नाव, बाकी सगळे त्याला सिस्टम ट्रेच म्हणतात.

तिथे सोय नसेल तरच पुढे वाचा.

ट्रेमॉन्ड: सुरुवात इथून करा

ट्रेमॉन्ड हे मुक्त स्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं), अगदी छोटं साधन आहे आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या त्याच्या रिलीजेस पानावरून मिळतं. इतर डाउनलोड साइटवरून घेऊ नका, तिथे सोबत नको ते चिकटून येतं. झिप फाइल उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. खाली ‘अनब्लॉक’ची चौकट असेल तर ती टिक करा आणि मगच झिपमधल्या फाइली बाहेर काढा (एक्स्ट्रॅक्ट करा). हे राहिलं तर पहिल्यांदा चालवताना विंडोजचा निळा इशारा येऊ शकतो. फाइल नक्की त्याच पानावरून घेतलेली असेल, तर ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ दाबा.

प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका. डी ड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये वेगळं फोल्डर करा. लपवलेल्या विंडोंची यादी ट्रेमॉन्ड एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतं, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या परवानगीनं लिहिता येत नाही. हीच फाइल म्हणजे तुमचा विमा. ट्रेमॉन्ड मध्येच बंद पडलं तर पुन्हा चालवल्यावर ते ही यादी वाचतं आणि लपवलेल्या विंडो ताब्यात घेतं. आधीच्या वेळी आपण अचानक बंद पडलो होतो, असा संदेशही दाखवतं. आमची पसंती याच कारणासाठी. मात्र कॉम्प्युटर रीस्टार्ट केला तर मूळ प्रोग्रामच बंद झालेले असतात, तेव्हा यादीचा उपयोग नाही.

वापर असा: हवी ती विंडो पुढे आणा, विंडोज आणि शिफ्ट दाबून धरा आणि झेड दाबा. विंडो गायब होईल, ट्रेमध्ये आयकॉन येईल. शिफ्ट सुटलं तर विंडोज ११ मध्ये स्नॅप लेआउटचे चौकोन उघडतात. एस्केप दाबून पुन्हा करा. परत आणायला आयकॉनवर डबल क्लिक, एका क्लिकनं काही होत नाही. ट्रेमॉन्डच्या स्वतःच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की सगळ्या विंडो एकदम परत आणता येतात. तिथूनच ते बंद केलंत तरी सगळ्या विंडो आधी बाहेर येतात.

आयकॉन दिसत नसेल तर घाबरू नका, तो बहुधा घड्याळाजवळच्या वरच्या दिशेच्या बाणामागे दडलेला असतो. तिथून ओढून टास्कबारवर आणा. ओढता येत नसेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, ‘अदर सिस्टम ट्रे आयकॉन्स’ असं जा. त्या यादीत बॅकअपचं नाव शोधू नका. आयकॉन ट्रेमॉन्डनं ठेवलेला असतो, म्हणून ट्रेमॉन्ड शोधा.

आरबीट्रे: माऊसवाल्यांसाठी

कळांची जोडी लक्षात राहत नसेल तर आरबीट्रे घ्या. तेही फुकट आणि मुक्त स्रोत. विंडोज ६४ बिट असेल तर ६४ बिटचीच आवृत्ती घ्या (सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट, तिथे ‘सिस्टम टाइप’ बघा). मुख्य फाइल आणि तिच्यासोबतची डीएलएल फाइल (मुख्य फाइलीला लागणारी मदतनीस फाइल) एकाच फोल्डरमध्ये राहिल्या पाहिजेत. चालवल्यावर पडद्यावर काहीच दिसणार नाही, पहिली विंडो लपवेपर्यंत त्याचा आयकॉनही येत नाही. त्यामुळे ‘चालूच झालं नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा क्लिक करत बसू नका.

विंडोच्या वरच्या पट्टीतल्या मिनिमाइजच्या आडव्या रेघेवर कर्सर नेमका ठेवून राइट क्लिक करा, की विंडो ट्रेमध्ये जाते. तिथे पट्टीचा नेहमीचा मेनू उघडला, तर आरबीट्रे त्या विंडोपर्यंत पोचलेलं नाही. काही प्रोग्राम वरची पट्टी स्वतः रंगवतात, तिथे हे होतं. शिफ्ट धरून पट्टीवर राइट क्लिक करून पाहा. विंडोज १० मध्ये विंडोज, ऑल्ट आणि खालचा बाण हीही जोडी आहे. विंडोज ११ नं ती जोडी विंडो पडद्याच्या खालच्या अर्ध्यात बसवण्यासाठी घेतली आहे, म्हणून तिथे माऊसच वापरा.

आरबीट्रेची डीएलएल माऊसच्या क्लिकवर नजर ठेवते, त्यामुळे काही अँटिव्हायरस तिच्यावर संशय घेतात. फाइल मूळ पानावरचीच आहे याची खात्री केल्याशिवाय अँटिव्हायरसमध्ये तिच्यासाठी अपवाद घालू नका.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या विंडो

सगळ्यांत जास्त अडचण इथे येते. साध्या परवानगीनं चालणारा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या विंडोला हात लावू शकत नाही. विंडोजचा हा नियम व्हिस्टापासून आहे आणि तो योग्यच आहे. बॅकअपची विंडो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडली असेल, तर लपवणारं साधनही तसंच उघडा.

साध्या विंडोंसाठी साधन आपोआप सुरू करायचं असेल, तर विंडोज आणि आर दाबा, चौकटीत इंग्रजीत ‘शेल’, लगेच कोलन आणि ‘स्टार्टअप’ असं मध्ये जागा न सोडता लिहा आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये साधनाचा शॉर्टकट टाका. ॲडमिनिस्ट्रेटर परवानगीसाठी मात्र हा मार्ग चालत नाही. तेव्हा टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारं विंडोजचं स्वतःचं साधन) नवीन टास्क करा, ट्रिगर ‘ॲट लॉग ऑन’ ठेवा आणि ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ टिक करा.

मग कंडिशन्सच्या टॅबमध्ये जा. लॅपटॉप वीजजोडणीवर असेल तरच टास्क सुरू करा आणि बॅटरीवर गेला की थांबवा, अशा दोन्ही टिका आधीपासून असतात. दोन्ही काढा. नाहीतर भारनियमनात वीज गेली की साधन बंद आणि लपवलेल्या विंडो अधांतरी. सेटिंग्जच्या टॅबमध्येही तीन दिवसांनी टास्क थांबवण्याची टिक असते, तीही काढा. ‘सोमवारी ठीक होतं, गुरुवारी गेलं’ अशी तक्रार बहुधा या टिकेमुळे येते.

विंडो हरवलीच तर

टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्राम दिसतो, पण विंडो कुठेच नाही, अशी वेळ आली तर प्रोग्राम लगेच ‘एंड टास्क’ करू नका, न साठवलेलं काम जाईल. ट्रेमॉन्ड असेल तर त्यालाच बंद करून पुन्हा चालवा. आरबीट्रे असेल तर आधी मूळ प्रोग्रामचा आयकॉन पुन्हा उघडून पाहा, काही प्रोग्राम दुसरी प्रत न उघडता जुनी विंडोच पुढे आणतात. तेही जमलं नाही तर निरसॉफ्टचं फुकट गुईप्रॉपव्ह्यू घ्या. त्यात लपलेल्या विंडो दाखवण्याचा पर्याय चालू करा, शीर्षकावरून आपली विंडो ओळखा, निवडा आणि ‘शो’ करा. यादीत विंडोजच्या स्वतःच्या कितीतरी अदृश्य विंडो असतात. ओळखीचं शीर्षक नसेल त्या विंडोला हात लावू नका.

आणि दोन गोष्टी ट्रेमध्ये टाकूच नका. स्टोअरमधली काही ॲप, उदाहरणार्थ कॅल्क्युलेटर, नजरेआड गेली की विंडोज त्यांना गोठवून टाकतं. आणि ब्राउझर लपलेल्या विंडोतल्या पानांचं काम मंदावतो. आवाज चालू असलेलं पान ठीक चालतं, पण स्वतःहून ताजं होत राहणारं दरपत्रक मागे पडतं.